बंदुकीवरची पांढरी अक्षरं

शाळेच्या स्वयंपाकघरातलं काम आटोपून डेल्फिया कोगर घरी आली तेव्हा तिचा नवरा ओकी पडवीत बसून रेडिओवर बेसबॉल ऐकत होता. डोळ्यांवर काळा चष्मा, गालात तंबाखू, मांडीवर थुंकायचा डबा. एप्रिलपासून त्याचा दिवस असाच जायचा. एप्रिलमध्ये त्याचे डोळे गेले, आणि ते घालवले डेल्फियाच्या सख्ख्या भावाने, डेन्झिलने.

"रिगलमन आला होता का गं?" ओकीने रेडिओ बारीक करत विचारलं.

"शाळेत फोन आला होता त्याचा. उद्या सकाळी येतोय. तुझी बंदूक न्यायची आहे म्हणाला."

रिगलमन म्हणजे शिकारखात्याचा पोलीस. डोंगरात कोणी कोणाला चुकून गोळी घातली की तपास त्याच्याकडे.

"माझी कशाला? गोळी मी झाडली काय?"

"सरकारी वकिलाला बघायची आहे म्हणे. डेन्झिल म्हणतोय ना, मला पांढरं दिसलं, टर्कीचं डोकं वाटलं. तर ते पांढरं कुठलं ते बघायचंय त्यांना."

ओकी डब्यात थुंकला. "बघू दे. काही नाहीये तिच्यावर पांढरं."

"नळीवर कंपनीच्या नावाची पांढरी अक्षरं होती ना रे? तू आणलीस तेव्हा मी बघितली होती."

"होती. काढली मी. फेब्रुवारीतच. आणली त्याच आठवड्यात. तुझ्या त्या नखांच्या औषधाने पुसली. मी काय दूधखुळा आहे, पांढऱ्या अक्षरांची बंदूक घेऊन टर्कीला जायला?"

डेल्फियाने मान डोलावली, आणि मग त्याला मान दिसत नाही हे आठवून तोंडाने म्हणाली, "नाहीस."

खरंच नव्हता. अख्ख्या खोऱ्यात टर्कीच्या, त्या मोठ्या रानपक्ष्याच्या, शिकारीतलं ओकी कोगरपेक्षा जास्त कोणाला कळत नव्हतं. दर वर्षी अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये तो शिकारीच्या सुरक्षेचा वर्ग घ्यायचा. इथे तो वर्ग केल्याशिवाय परवाना मिळत नाही, म्हणजे खोऱ्यातली निम्मी माणसं त्याच्या हाताखालून गेलेली. आणि पहिल्या दिवशी त्याचं पहिलं वाक्य ठरलेलं. लाल, पांढरा आणि निळा. आपल्या झेंड्याचे रंग. झेंडा दारावर लावा, चर्चमध्ये लावा, जंगलात नेऊ नका. कारण वसंतात नर टर्कीचं डोकं नेमकं त्याच तीन रंगांचं असतं, आणि झुडपाआड हलणारा तो रंग दिसला की माणसाचं बोट घोड्यावर आपोआप दाबलं जातं. पांढरे मोजे घालून आलेल्या माणसाला ओकीने वर्गातून घरी पाठवलं होतं. सगळ्यांसमोर. आणि तो माणूस कोण, तर चर्चचा पाद्री.

तेव्हा डेन्झिल खोटारडा. सरळ हिशेब होता. पांढरं नव्हतंच तर त्याला दिसलं काय?

गेल्या सहा आठवड्यांत डेल्फियाला पहिल्यांदा भावाचा राग आला. आतापर्यंत ती लोकांना सांगत होती, चूक झाली, डोंगरात होतात अशा चुका. ओकी तिला म्हणायचा, चूक कसली, तुझ्या आईच्या स्वयंपाकघरात काय बोलला होता तो आठव. ते तिला आठवत होतं. गॅसची पाइपलाइन डेल्फिया आणि डेन्झिलच्या सामाईक जमिनीतून न्यायची होती. ओकी म्हणत होता सही करा, कंपनी नाहीतर कोर्टातून घेईलच. डेन्झिल म्हणत होता नाही. आवाज चढले, आणि डेन्झिल टेबलावर हात आपटून म्हणाला, "ती लाइन जाईल ती माझ्या नाहीतर तुझ्या मढ्यावरून." हे झालं टर्कीचा मोसम सुरू व्हायच्या थोडं आधी. ओकीने ते वाक्य जसंच्या तसं सरकारी वकिलाला सांगितलं होतं.

तिने गाडीची किल्ली उचलली.

"कुठे निघालीस?"

"कुत्र्यांचं खाणं संपलंय," ती म्हणाली. कुत्र्यांचं खाणं भरपूर होतं.

डेन्झिल टीटर घरामागे लाकडं फोडत होता. जूनमध्ये कोणी लाकडं फोडत नाही. डोक्यातल्या गोष्टीला हाताने मारता येत नाही म्हणून माणूस लाकडाला मारतो, एवढंच. तिला बघून त्याने कुऱ्हाड खाली ठेवली.

"सिस," तो म्हणाला. लहानपणापासून तो तिला सिस म्हणतो, आणि ती त्याला बब.

"सिस नको म्हणूस मला. मी एकच विचारायला आलेय. पांढरं कुठे दिसलं तुला?"

"सांगितलंय ना सगळ्यांना."

"मला सांग. माझ्या तोंडावर सांग."

डेन्झिलने कपाळ पुसलं. "मी वरच्या धारेवर होतो. खालून नराचा आवाज आला. मला वाटलं खरा नर. तो ओकीच तसा आवाज काढत होता, हे मला काय माहीत? तो म्हणाला होता मी पलीकडच्या ओढ्यावर बसणार. मग मी खाली उतरायला लागलो."

"रांगत."

"हो. रांगत." त्याने नजर उचलली नाही. "ते चुकलंच माझं. ओकीनेच शिकवलंय मला, टर्कीच्या मागे जायचं नाही, बसायचं आणि बोलवायचं. मी गेलो. ते मी नाकारलं नाही कधी. पण सिस, मला पांढरं दिसलं. फर्नच्या मागे. एकदा डावीकडे गेलं, थांबलं, परत उजवीकडे आलं. डोकं वळवतो ना नर, तसं. आणि मी..."

"ओकीने डोक्यापासून पायापर्यंत हिरवं घातलं होतं. तोंडावर जाळी, हातात मोजे."

"माहितीये. मीच ती जाळी काढली ना त्याच्या तोंडावरून." त्याने स्वतःच्या तळहातांकडे बघितलं. "मीच पाठीवर घेऊन खाली आणला त्याला."

"मग पांढरं कुठून आलं?"

"मला वाटलं बंदुकीवरची अक्षरं. ईस्टरला त्याने दाखवली होती नवी बंदूक, माझ्या ट्रकच्या फळीवर ठेवून. मला आठवतंय अक्षरं होती. मोठी. मी म्हणालोसुद्धा, काय रे, कंपनीची जाहिरात घेऊन फिरतोस? तो हसला, म्हणाला चिकटपट्टी लावीन."

"त्याने फेब्रुवारीतच काढली अक्षरं."

"तो म्हणतो."

"म्हणजे तो खोटं बोलतो? डोळे त्याचे गेले आणि खोटं बोलणारा तोच?"

डेन्झिलने ओंडक्यावरचा भुसा हाताने झाडला. मग म्हणाला, आणि हे तिला अपेक्षित नव्हतं, "नाही. तोच खरा असेल. ओकी असली चूक करणारा माणूस नाही. मलाच ईस्टरचं चुकीचं आठवत असेल. माझा वकील म्हणतो कबूल करून टाक, सांग की काहीच दिसलं नव्हतं, हललं तिकडे झाडली. नाहीतर ते आईच्या घरातलं वाक्य पुढे आणतील आणि म्हणतील मुद्दाम मारलं. त्यात दहा-पंधरा वर्षं जातील. सोमवारी जाऊन कबूल करतोय."

"जे झालंच नाही ते कबूल करणार?"

"सिस, मला आता कळतच नाही काय झालं आणि काय नाही. रोज डोळे मिटले की पांढरं दिसतं. डोळे उघडले की वाटतं, साल्या, तुला काय दिसलं, तू माणसाला बघून मारलंस. कदाचित माझ्या मनात होतं तेच माझ्या बोटाने केलं."

ती थुंकायला आली होती त्याच्या तोंडावर. न थुंकताच परतली.

घाटातल्या वळणावर तिच्या मनात पाल चुकचुकली. खोटं बोलणारा माणूस शेवटपर्यंत आपल्या खोट्याला धरून राहतो. डेन्झिल लहानपणी खोटं बोलायचा तेव्हा मार खाऊनही बदलायचा नाही, उलट त्यात दोन वाक्यं जास्तीची घालायचा. आज तो स्वतःचंच म्हणणं सोडून देत होता. असं कोण करतं? ज्याच्याकडे बनवलेलं काही नसतं तो.

आणि दुसरं. नखांचं औषध.

शाळेच्या स्वयंपाकघरात नखं रंगवलेली चालत नाहीत. डेल्फिया शनिवारी रात्री चर्चसाठी नखं रंगवायची आणि रविवारी संध्याकाळी रिमूव्हरने पुसून टाकायची. कित्येक वर्षांची तिची एवढीच चैन. फेब्रुवारीत तिची बाटली आटली होती, तळाशी थेंब नव्हता, आणि बर्फामुळे रस्ता बंद होता म्हणून दोन रविवार ती नखं खरवडत बसली होती. नवी बाटली तिने आणली ईस्टरच्या आदल्या आठवड्यात.

मग ओकीने फेब्रुवारीत कशाने पुसलं?

असेल दुसरं काही वापरलं. ब्रेकचं औषध, नळी साफ करायचं औषध, गॅरेजमध्ये शंभर डबे आहेत. विसरला असेल. माणसाचे डोळे गेलेत, त्याला बाटल्या काय लक्षात राहणार. ती स्वतःला असं समजावत घरी आली आणि सरळ न्हाणीघरात गेली.

बाटली फडताळात होती, पण तिच्या जागी नव्हती. झाकण तिरकं बसवलेलं. बाटली रिकामी. ईस्टरच्या रविवारी तिने ती एकदा वापरली होती, त्यानंतर आठवड्यानेच ओकीला छर्रे लागले, आणि तेव्हापासून तिने नखांना रंग लावलाच नव्हता. कोण लावणार? नवऱ्याच्या डोळ्यांच्या खोबणीत औषध घालायचं आणि वर नखं रंगवायची?

ती टबच्या कडेवर बसली. घरात दोनच माणसं. बाटली तिने संपवली नाही.

बाहेर रेडिओवर कोणीतरी चेंडू टोलवला आणि ओकी ओरडला, "धाव, गाढवा, धाव!"

बंदूक जिन्याखालच्या कपाटात होती. त्या दिवशी ती डोंगरातच राहिली होती. ओकीला खाली आणायचं सोडून बंदुकीकडे कोण बघतं? दुसऱ्या दिवशी शेजाऱ्याने आणून दाराशी ठेवली, तिने न बघता कपाटात ढकलली. आता तिने ती काढली, सवयीने उघडून आत काडतूस नाही हे पाहिलं, आणि स्वयंपाकघरातल्या खिडकीशी नेली.

नळीचा काळा मुलामा तेल न लागलेल्या तव्यासारखा, चमक नसलेला. आणि मध्येच, तळहाताएवढ्या जागेत, तो मुलामा गेला होता. खाली राखाडी, ओरबाडलेलं, चकाकणारं लोखंड. भांडी घासायच्या तारेच्या चोथ्याचे ओरखडे, तिला ते चांगले ओळखता येत होते, आयुष्य गेलं होतं तिचं त्या ओरखड्यांत. आधी औषध ओतलं होतं, मग घासलं होतं. रागाने, किंवा घाईने.

पण तेही एकवेळ चाललं असतं. तिची नजर खिळली ती दुसऱ्याच गोष्टीवर. घासलेली जागा सरकलेली होती. मागच्या बाजूला, जिथे अक्षरं कधीच नव्हती, तिथे बोटभर लोखंड उघडं पडलं होतं. आणि पुढच्या टोकाला, घासणं जिथे थांबलं होतं त्याच्या पुढे, एक अक्षर शिल्लक होतं. अर्धं घासलेलं, अर्धं शाबूत. पांढरंशुभ्र.

डोळस माणूस अक्षर पुसतो तेव्हा अक्षर पुसतो. जिथे काही नाही तिथे घासत बसत नाही, आणि जे समोर दिसतंय ते सोडून देत नाही. आणि ओकी? बंदुकीच्या धातूवर कोणाच्या बोटाचा ठसा उमटला तरी फडकं घेऊन धावणारा ओकी? डोळे असताना त्याने मुलाम्याला तारेचा चोथा लावला असता तर हात तोडून घेतला असता स्वतःचा.

त्याने हे चाचपडत केलं होतं. ती शाळेत असताना, खाणीत काम करून चामड्यासारख्या झालेल्या त्या बोटांनी, ज्यांना रंगाचा एवढासा थर लागणंच शक्य नव्हतं. आठवणीने अंदाज घेतला आणि अंदाज बोटभर चुकला.

ती बंदूक घेऊनच पडवीत गेली आणि रेडिओ बंद केला.

"अगं! नववा डाव चाललाय!"

"कधी घासलीस?"

"काय?"

"बंदूक माझ्या हातात आहे, ओकी. कधी घासलीस?"

त्याचा चेहरा तिच्याकडे वळला, थोडा चुकीच्या दिशेने. "सांगितलं ना. फेब्रुवारीत."

"बाटली एप्रिलची आहे. घासलंयस ते आंधळ्याने घासल्यासारखं. आणि शेवटचं अक्षर तसंच आहे."

ओकी गप्प झाला. तो गप्प झाला ना, तिथेच तिला सगळं कळलं. खरा माणूस अशा वेळी शिव्या घालतो.

"कुठलं अक्षर?" त्याने हळूच विचारलं.

"तुला काय करायचंय कुठलं? उरलेलं पण पुसायचंय?"

"दे इकडे." त्याने हात पुढे केला.

"नाही देत."

"डेल्फिया, दे ती इकडे!"

ती दोन पावलं मागे सरकली. बत्तीस वर्षांच्या संसारात ती पहिल्यांदा त्याच्या हाताच्या टप्प्याबाहेर मुद्दाम उभी राहिली, आणि तिला त्याची लाजही वाटली आणि बरंही वाटलं.

"का?" ती म्हणाली. "एवढं सांग. चिकटपट्टी लावणार होतास ना? लावायची राहिली. होतं असं. माणूस विसरतो. ते सांगितलं असतंस तर काय बिघडलं असतं?"

"मी विसरतो?" ओकी एकदम उसळला. "मी? त्या हॉलमध्ये मी पाद्र्याला मोज्यांसाठी घरी पाठवलं! प्रत्येकाला पढवलं, पांढरं नेलंत तर स्वतःच्या हाताने मराल. आणि आता सगळ्या खोऱ्याने म्हणायचं, ओकी कोगर बंदुकीवर पांढरी पाटी लावून फिरत होता? माझे डोळे गेले, बाई. खाण गेली, शिकार गेली, गाडी गेली. न्हाणीघरात जायचं तर भिंत धरावी लागते. माझं म्हणून एवढं एकच उरलंय, की चूक माझी नव्हती. तेवढं तरी राहू दे माझ्याकडे."

"आणि त्यासाठी बब खोटं कबूल करणार, नाहीतर पंधरा वर्षं आत बसणार."

"बसू दे! त्याने माझे डोळे काढले! तो रांगत आला, मी शिकवलेलं सगळं धाब्यावर बसवून रांगत आला, आणि न बघता झाडली. बसला तर काय झालं?"

"रांगत आला त्यासाठी बसू दे. न बघता झाडली त्यासाठी बसू दे. मी तुझ्या शेजारी उभी राहून म्हणेन, बसवा त्याला. पण जीव घ्यायला आला होता म्हणून नाही बसणार तो. तुला माहितीये तो त्यासाठी आला नव्हता."

"मला काय माहितीये? त्याच्या पोटात शिरून बघितलं का मी? मढ्यावरून जाईल म्हणाला होता."

"ओकी. तुला पाठीवर घेऊन तो दोन मैल उतरला."

"घाबरून."

 काय सांगावं, तसंही असेल. माणसाच्या मनात किती पाणी मुरतं ते कोणाला दिसतं. पण हातातली बंदूक दिसत होती.

"तू माझी बायको आहेस," ओकी म्हणाला. हे तो धमकीने म्हणाला की विनवणीने, ते तिला कळलं नाही.

त्या रात्री ती बंदूक पलंगाखाली, आपल्या बाजूला ठेवून झोपली. झोपली कसली. तो कूस बदलायचा, ती हात खाली घालून लाकूड चाचपायची.

रिगलमन सकाळी आला. उंच, अंगाला साबणाचा वास, वागण्यात अदब आणि नजर मात्र घराच्या कोपऱ्याकोपऱ्यात. डेल्फियाने कॉफी ओतली. ओकी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी ताठ बसला होता, दाढी करून. दाढी त्याने स्वतः केली होती, दोन ठिकाणी कापलं होतं.

रिगलमनने बंदूक हातात घेतली, आधी नंबर बघितला. इथे पहिल्यांदा तेच बघतात. नाव पुसलं तर कोणी विचारत नाही, नंबर पुसला तर थेट तुरुंग. नंबर जागेवर होता. मग त्याने नळी उजेडात फिरवली आणि थांबला.

"हे कोणी केलं, मिस्टर कोगर?"

"मी. फेब्रुवारीत," ओकी म्हणाला.

"बरंच जोरात घासलंय."

"निघत नव्हतं."

डेल्फिया ओट्याला टेकून उभी होती. तिने पदराला हात पुसावेत तसे एप्रनला पुसले, आणि म्हणाली, "फेब्रुवारीत नाही. गोळी लागल्यानंतर केलंय त्याने. डोळे गेल्यावर. बघा ना, पुढे एक अक्षर राहिलंय."

टेबलावर कॉफीचे कप होते, ते कोणी उचलले नाहीत.

"ती भावाला वाचवतेय," ओकी म्हणाला. "रक्ताचं नातं आहे. काल संध्याकाळी त्याच्याकडे गेली होती. कुत्र्यांचं खाणं आणायला म्हणून गेली, आणि रिकाम्या हाताने आली. मला पिशवीचा आवाज कळतो."

रिगलमनने तिच्याकडे पाहिलं. "गेला होतात, मॅम?"

"गेले होते."

"आणि बंदूक कालपासून कोणाकडे होती?"

"माझ्याकडे."

"रात्री?"

"माझ्या पलंगाखाली."

तो "हं" म्हणाला. त्या "हं"मध्ये काय होतं ते तिला लगेच कळलं, आणि तळपायाची आग मस्तकात गेली. त्याने अंगठ्याचं नख त्या अर्ध्या अक्षराजवळ नेऊन बघितलं. मग त्याची नजर खिडकीकडे गेली. खिडकीत, तुळशीसारख्या जपलेल्या पुदिन्याच्या कुंडीशेजारी, तिच्या नखांच्या रंगाच्या बाटल्या ओळीने होत्या.

"तुम्ही नखं रंगवता, मिसेस कोगर."

"चर्चला जाताना."

"पांढरा आहे का यात?"

"नाही. डोळे आहेत ना तुम्हाला, बघा की."

"आज नाही, ते बघतोय. काल होता का?" त्याचा आवाज अजूनही तितकाच मऊ होता. "रागावू नका. मी असं म्हणत नाही की तुम्ही केलंत. मी म्हणतो, एक माणूस सांगतो सगळी अक्षरं फेब्रुवारीत गेली. एक बाई सांगते एक राहिलं. बाईचा भाऊ सोमवारी कोर्टात उभा राहतोय, बंदूक रात्रभर बाईकडे होती, आणि बाईच्या खिडकीत ब्रश असलेल्या बाटल्या आहेत. माझ्या जागी तुम्ही असता तर काय म्हणाला असता?"

"मी म्हणाले असते, त्या माणसाला विचारा."

"प्रयोगशाळेत पाठवीन मी हे. रंग कंपनीचा की बाटलीतला, ते कळेल. पण वेळ लागेल, आणि सोमवार तोवर उलटेल. आणि बाटलीतला निघाला तर पुरावा बनवल्याचा गुन्हा लागेल, मॅम. त्याला शिक्षा आहे. शाळेतली नोकरीसुद्धा राहत नाही." तो ओकीकडे वळला. "मिस्टर कोगर, तुम्ही हिच्यासोबत राहता. पांढरं नेलपॉलिश हिच्याकडे होतं का?"

डेल्फिया नवऱ्याकडे बघत राहिली. त्याला ते दिसत नव्हतं आणि तरी तो त्या नजरेपासून चेहरा बाजूला नेत होता. फक्त "हो" म्हणायचं होतं त्याला. किंवा "मला आंधळ्याला काय माहीत" म्हटलं तरी भागलं असतं. मग ती खोटी, डेन्झिल खुनी, आणि ओकी कोगर खोऱ्यातला सगळ्यात सावध शिकारी, कायमचा.

"बोल," ती म्हणाली. "सांग त्यांना मी रंगवलं. माझ्यासमोर मोठ्याने सांग. तुझ्या तोंडून ऐकायचंय मला."

ओकीने टेबलावर हात ठेवला. बोटं कपाच्या शोधात पुढे गेली, कपाला लागली, थांबली.  रिगलमनने घाई केली नाही.

"पांढरं ती लावत नाही," ओकी शेवटी म्हणाला.  "म्हणते पांढऱ्याने हात मेल्यासारखे दिसतात. गुलाबी लावते. नाहीतर तो लाल."

"म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे? घासलं मी. मागच्या महिन्यात. ही कामाला गेल्यावर." त्याने चष्मा काढून टेबलावर ठेवला. चष्म्याशिवाय तो कधीच कोणासमोर बसत नसे. "अक्षरं होती. चिकटपट्टी गाडीतच पडली होती, पहाटे लावू म्हटलं, नर जवळच ओरडायला लागला, मी तसाच बसलो. बंदूक गुडघ्यावर होती. मी ती आवाजाच्या दिशेने डावीकडे फिरवली, मग उजवीकडे. त्याने बघितलं असेल ते हेच."

रिगलमनने खिशातून वही काढली. तो लिहीत राहिला. डेल्फियाने ओट्याची कड धरली. आनंद कसला तो झाला नाही तिला. समोर तिचा नवरा बसला होता, डोळ्यांच्या जागी सुरकुतलेली कातडी घेऊन, आणि तो आणखी छोटा झाला होता.

"पण तो रांगत आला होता," ओकी एकाएकी म्हणाला आणि टेबलावर मूठ आपटली. कॉफी सांडली. "मी बसलेलो होतो, झाडाला पाठ लावून, जसं बसायला हवं तसं. तो रांगत आला, आणि पूर्ण पक्षी बघितल्याशिवाय झाडली. ते पण लिहा तिथे!"

रिगलमनने डेल्फियाकडे पाहिलं.

"लिहा," ती म्हणाली, आणि फडकं घेऊन ओकीच्या हाताखालची कॉफी पुसू लागली. "तेही खरं आहे."